सहा तास जायला, पंचवीस तास यायला

(ज्येष्ठ नागरिक मंडळींसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सुरुवातीला जरा हात वर करा. ज्यांची मुलं किंवा नातवंडं अमेरिकेत आहेत, असे किती जण आहेत? ... म्हणजे जवळजवळ निम्मं सभागृह. मग मुंबई–न्यूयॉर्क हेच उदाहरण घेऊन बोलतो. बाकीच्यांनी रागावू नका, शेवटी तुमचंही काम करून देणार आहे.

माझी एक आत्या आहे, शनिवार पेठेत राहते. पहिल्यांदा लेकीकडे निघाली तेव्हा तिने तिकीट वाचलं आणि मला फोन केला. म्हणाली, “अरे, मुंबईहून पहाटे दीडला निघायचं आणि न्यूयॉर्कला सकाळी साडेसातला पोचायचं. सहाच तास! आणि येताना दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी एकला. पंचवीस तास! एवढा फरक कसा? येताना काय रस्ता खराब आहे?”

हसू नका. प्रश्न दोन होते आणि त्यातला एक फार चांगला होता. घड्याळाचा भाग सोपा आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. हिवाळ्याचे साडेदहा धरले, तर जायचे सहा म्हणजे साडेसोळा आणि यायचे पंचवीस म्हणजे साडेचौदा. (घड्याळाचा हा घोळ आपल्याला नवा नाही. १९५५ पर्यंत मुंबईचं स्वतःचं वेगळं घड्याळ होतं, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे.) पण हिशेब दुरुस्त केल्यावरही जायला साडेसोळा आणि यायला साडेचौदा, हा फरक उरतोच. विमान तेच, गावं तीच. मग दोन तास गेले कुठे? आत्याचा ‘रस्ता खराब आहे का’ हा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा होता. फक्त खराब रस्ता जातानाचा आहे, येतानाचा नाही.

माझी नोकरी याच प्रश्नावर चालली. वैमानिक विमान उडवतो. पण कुठल्या वाटेने, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन जायचं याचा आराखडा जमिनीवर बसलेला एक माणूस करतो. त्याला डिस्पॅचर म्हणतात. आमच्या खोलीला खिडकी नव्हती. विमानाच्या धंद्यात उभी हयात गेली आणि आकाश दिसलं ते रिक्षातून घरी जाताना, हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही.

आता हा पृथ्वीगोल बघा. नातवाचा आहे, मागून आणलाय. व्यास ३० सेंटिमीटर. हा साधा शिवणाचा दोरा. एक टोक मुंबईवर धरतो, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणतो. दोरा ताणला की तो आपोआप सगळ्यात जवळची वाट पकडतो, त्याला भूगोल शिकवावा लागत नाही. ताई, तुम्ही पुढे बसला आहात, जरा वाचून सांगा बरं कुठून गेला. ... हो, सिंध. अफगाणिस्तान. मग तुर्कमेनिस्तान, पुढे रशिया, जवळजवळ मॉस्को. मग फिनलंड, नॉर्वे, आइसलंड. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून कॅनडा आणि वरून खाली न्यूयॉर्क.

न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेला आहे असं आपण शाळेत शिकलो. पण मुंबईहून उठताना या दोऱ्याचं तोंड पश्चिमेला नाहीच, उत्तरेला आहे. सरळ उत्तरेच्या २७ अंश डावीकडे, एवढंच. हाच दोरा सिंधमध्ये मोहेंजोदडोच्या अगदी जवळून जातो. हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा मला फार गंमत वाटली होती. मुंबईतून न्यूयॉर्कला जाणारी सरळ रेषा सिंधू संस्कृतीच्या अंगणातून जाते.

मग भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर अशी रेष का येत नाही? कारण तो नकाशा बहुतेक वेळा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. १५६९ सालचा तो नकाशा खलाशांसाठी होता. होकायंत्राचा काटा एका कोनावर धरून जाता यावं म्हणून त्यात ध्रुवांकडचा प्रदेश ताणलेला असतो. त्यावर पट्टीने रेघ मारलीत तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को करत अटलांटिकवर जाते. दिसायला सरळ. मोजली तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. आणि आपला हा वाकडा दिसणारा दोरा? साडेएकोणतीस सेंटिमीटर. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. म्हणजे साडेबारा हजार. सोळा-सतराशे किलोमीटरचा फरक, मुंबई ते कोलकाता एवढा.

आमच्या धंद्यात किलोमीटर कोणी बोलत नाही, नॉटिकल मैल बोलतात. त्याची सोय बघा किती छान आहे. पृथ्वीच्या मध्यापासून दोन्ही गावांमध्ये जो कोन होतो तो अंशांत घ्यायचा आणि ६० ने गुणायचं, आलं अंतर नॉटिकल मैलांत. मुंबई–न्यूयॉर्कचा कोन ११२.७ अंश. साठने गुणा, ६,७६० च्या आसपास. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. संपलं. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चेपलेली आहे म्हणून दहा-पंधरा किलोमीटर इकडे तिकडे होतात, त्याने कोणाचं विमान चुकत नाही.

इंटरनेटवर दोन विमानतळांची नावं टाकलीत की जो आकडा येतो तो याच दोऱ्याचा असतो. खाली प्रवासाचा वेळही लिहिलेला असतो. तो काढायची पद्धत अनेक ठिकाणी अशी, की अंतराला ताशी ८०० ने भागा आणि चढ-उताराची अर्धा तास वरकड धरा. आपल्या बाबतीत सोळा तास दहा मिनिटं येतात. उत्तर वाईट नाही. पण हे उत्तर जाताना आणि येताना सारखंच येतं. तिथेच त्याची पोल खुलते.

आता वाऱ्याकडे येतो. माझ्या नोकरीतला सगळ्यात आवडता भाग हाच.

लांब पल्ल्याचं जेट विमान साधारण ताशी ९०० किलोमीटरने जातं. पण कशाच्या तुलनेत? हवेच्या. जमिनीशी त्याचा काही संबंध नसतो. हवाच जर मागून शंभरने ढकलत असेल तर जमिनीवरून ते हजारने सरकतं, समोरून अडवत असेल तर आठशेने. आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवर, आपल्या उत्तर गोलार्धात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरकस वारा असतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो ताशी दोन-तीनशे किलोमीटरपर्यंतही जातो. न्यूयॉर्कला जाणारं विमान या नदीत प्रवाहाविरुद्ध पोहत असतं. येणारं पाण्याबरोबर वाहत येतं. आत्याचे दोन तास या नदीत गेले.

हा वारा शोधला कोणी, तीही एक कथाच आहे. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते. १९२० च्या दशकात ते तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडत आणि दुर्बिणीने त्यांचा माग काढत. वर गेल्यावर फुगे पूर्वेकडे भन्नाट वेगाने पळतात, हे त्यांनी नोंदवलं आणि १९२६ मध्ये छापलं. जगाला कळावं म्हणून छापलं कुठल्या भाषेत? एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेमध्ये! त्यांना वाटलं, ही जगाची भाषा होणार आहे. जगाने तो अहवाल वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानने त्याच वाऱ्यावर फुग्यांना बॉम्ब बांधून अमेरिकेकडे सोडले, तेव्हा आणि अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर जाताना समोरच्या वाऱ्याने अडखळली तेव्हा, हा वारा सगळ्यांच्या ध्यानात आला. माझं मत विचाराल तर शोध लावण्याइतकंच तो कुठल्या भाषेत सांगायचा हे ठरवणंही कठीण काम आहे. पण तो आजचा विषय नाही.

आता एक गणित घालतो, गोष्ट म्हणून ऐका. समजा १२,५०० किलोमीटर अंतर, विमान ९०० चं, वारा १०० चा. जाताना समोरून, येताना मागून. जाताना जेवढं गेलं तेवढं येताना परत मिळेल ना? बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. नाही मिळत. जाताना ८०० ने १५ तास ३८ मिनिटं. येताना हजारने साडेबारा. बेरीज २८ तास ८ मिनिटं. वारा नसताच तर जाऊन-येऊन २७ तास ४७ मिनिटं. एकवीस मिनिटं बुडाली! कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकता आणि सुलट्या वाऱ्याचा फायदा कमी वेळ घेता. वारा हा उसने घेणाऱ्या नातेवाइकासारखा आहे, परत देतो पण पूर्ण देत नाही.

म्हणून डिस्पॅचर जमिनीवरचं अंतर बघतो तसं हवेतलं अंतरही काढतो, म्हणजे विमानाला हवेतून प्रत्यक्ष किती कापावं लागेल ते. यात कधी कधी लांबची वाट जवळची ठरते. उदाहरण ऑक्टोबर २०१६ चं आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर युरोप, अटलांटिक करत सुमारे १३,९०० किलोमीटर जायचं. त्यांनी ते उलट्या बाजूने, पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून पाठवलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त! आणि वेळ लागला साडेचौदा तास, पूर्वीपेक्षा कमी. सरासरी काढा, ताशी हजाराच्या वर गेली. सगळी वाट जेट स्ट्रीमच्या पाठीवर बसून. परत येतानाही पॅसिफिकवरूनच यायचं असतं तर मात्र ती नदी समोरून आली असती. म्हणजे जाताना एक बाजू, येताना दुसरी, असं करत विमान दोन खेपांत अख्खी पृथ्वी फिरून घरी येतं. आमच्या खोलीत त्या बातमीची चर्चा आठवडाभर चालली होती. बाहेरच्यांना त्यात काय एवढं, हे कळेना.

हे झालं निसर्गाचं. आता माणसांचं.

दोरा पुन्हा बघा. पहिलाच देश कुठला लागतो? पाकिस्तान. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत त्यांचं आकाश बंद होतं. २४ एप्रिल २०२५ पासून ते भारतीय विमानांना पुन्हा बंद केलं. पुढचा मोठा देश रशिया. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यानंतर युरोप आणि अमेरिकेच्या कंपन्यांना तिथलं आकाश बंद झालं, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे एकाच विमानतळावरून, एकाच शहराला जाणाऱ्या दोन कंपन्यांचं ‘अंतर’ वेगळं. शेपटीवर कोणत्या देशाचा झेंडा आहे त्यावर!

मी घरी बसून तीन वाटा मोजल्या. रिकामा वेळ आहे, दुसरं काय. सरळ दोरा, १२,५३० किलोमीटर. पाकिस्तान टाळून समुद्रावरून इराणच्या चाबहारजवळ जमिनीवर शिरलं आणि तिथून सरळ दोरा धरला, तर १२,७४०. फक्त दोनशे किलोमीटर, पंधरा मिनिटंसुद्धा नाहीत. मुंबईचं नशीब चांगलं, तिच्यापुढे समुद्र आहे. दिल्लीचं तसं नाही. दिल्लीच्या पश्चिमेला पाकिस्तान आडवाच आहे, तिथून निघालेल्या विमानाला आधी खाली गुजरातपर्यंत उतरून मग वळावं लागतं. तिसरी वाट म्हणजे इराण, रशिया सगळंच टाळून कैरोवरून. ती १३,३६० भरते. आठशे तीस किलोमीटर जास्त, म्हणजे जवळपास एक तास. आणि हे मी फक्त ताणलेल्या दोऱ्याचं सांगतोय. प्रत्यक्षात ठरलेले हवाई मार्ग असतात, लष्कराचे पट्टे टाळायचे असतात, वादळं असतात.

जाता जाता एक आठवण. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी टपाल घेऊन छोटं विमान मुंबईला, जुहूला उतरवलं. निघाले होते कुठून? कराचीहून, अहमदाबादमार्गे. भारतीय नागरी विमान वाहतुकीची पहिली रेघ ज्या आकाशातून ओढली गेली, त्याच आकाशाला आज वळसा घालतो आपण.

थांबण्याबद्दलही सांगायला हवं. ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला पहिलं एअर इंडियाचं विमान गेलं, मलबार प्रिन्सेस, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. १४ मे १९६० ला बोइंग ७०७ ने न्यूयॉर्कला सेवा सुरू झाली, तीही लंडन करत. मध्ये न थांबता जाणं हे या शतकातलं सुख आहे. ते सुख इंधनाचं आहे आणि इंधनाची गंमत अशी, की ते न्यायलाही इंधन लागतं.

आकडे सांगतो. बोइंग ७७७-३००ईआर हे विमान उठताना जास्तीत जास्त ३५१ टन असू शकतं. त्याच्या टाक्यांत सुमारे १४५ टन इंधन मावतं. म्हणजे टाक्या भरल्या तर उठणाऱ्या वजनाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग निव्वळ इंधन! सोळा तासांच्या वाटेवर एक टन जादा इंधन घेतलं, तर त्याचा बराचसा भाग ते इंधन वाहून नेण्यातच जळतो. त्यामुळे ‘असू दे थोडं जास्त’ हे वाक्य आमच्याकडे फुकट नसायचं.

मे महिन्यातली एक रात्र आठवते. कंपनीचं नाव घेत नाही. मुंबईत रात्री अकरालाही उकाडा. गरम हवा विरळ असते, विमानाला उठायला जड जातं, म्हणून त्या रात्रीसाठी उठण्याचं वजन आधीच खाली आलं होतं. त्यात नवा हवामान अंदाज आला. अटलांटिकवर समोरचा वारा वाढला, म्हणजे इंधन दीड टन जास्त हवं. आता वजन कुठून काढायचं? प्रवासी उतरवता येत नाहीत. पोटात माल होता आणि मालात हापूसच्या पेट्या. अमेरिकेने भारतीय आंब्याला २००७ मध्ये दार उघडलं, पण विकिरण करून, म्हणजे किडीसाठी किरणांचा मारा करून, आलेलाच आंबा घेणार या अटीवर. तेव्हा ते आंबे बागेतून निघून, विकिरण केंद्रात जाऊन, शिक्के घेऊन आलेले. मी फोन उचलला आणि सांगितलं, दीड टन ऑफलोड करा. पलीकडून रॅम्पवरचा माणूस म्हणाला, “साहेब, वास येतोय हो नुसता.” मी म्हटलं, मला नका सांगू. नंतर मी जाऊन पाहिलं. ट्रॉलीवर पेट्या रचून ठेवलेल्या, वर जाळी, आणि विमान मागे ढकलून नेत होते. अटलांटिकवरच्या वाऱ्याने रत्नागिरीचा आंबा सहारला अडवला होता. तुमच्या मुलांना तिकडे पेटी महाग पडते ना, त्याचं हेही एक कारण धरा.

वेळेबद्दल अजून एक खुलासा करतो. तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा असतो. आमच्या भाषेत चॉक्स ऑफ ते चॉक्स ऑन, आणि त्या सगळ्याला ब्लॉक टाइम. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. मध्यरात्रीनंतर परदेशी उड्डाणांची जी रांग लागते त्यात विमान जमिनीवरच पाऊण तास रांगत बसलं, तरी तो तुमच्या ‘प्रवासाच्या वेळात’ धरलेला असतो. कंपन्या वेळापत्रकात थोडी हवा ठेवतात. म्हणून कधी कधी उशिरा निघूनही वैमानिक ‘आपण वेळेआधी पोचत आहोत’ असं जाहीर करतो आणि लोक टाळ्या वाजवतात. वाजवा, पण ती हवा आधीच भरलेली होती.

लांबीची स्पर्धा कुठवर जाईल असं विचारतात लोक. सध्या ठरलेल्या वेळापत्रकातली सगळ्यात लांब विनाथांबा सेवा सिंगापूर–न्यूयॉर्क, १५,३०० किलोमीटरच्या वर, साडेअठरा तासांच्या आसपास. नोव्हेंबर २००५ मध्ये एक ७७७-२००एलआर हाँगकाँगहून लंडनला मुद्दाम उलट्या वाटेने, पॅसिफिकवरून नेलं होतं. २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं. पृथ्वीवर कुठल्याही दोन गावांमधलं जास्तीत जास्त अंतर वीस हजारच आहे. म्हणजे यंत्राची हद्द जवळजवळ गाठून झाली. आता प्रश्न माणसाच्या कमरेचा आहे, आणि त्यावर बोलायला या सभागृहाइतकं जाणकार कोणी नाही.

आत्याकडे परत येतो. तिने त्या प्रवासाची वही ठेवली होती. घरातून संध्याकाळी साडेपाचला निघाली. गाडीवाल्याने लोणावळ्याला वीस मिनिटं चहा घेतला, तेही लिहिलंय, वाईट शब्दांत. विमानतळावर तीन तास आधी. विमानात साडेसोळा. उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेत दीड तास, मग लेकीच्या गावी, एडिसनपर्यंत, गाडीने सव्वा तास. शनिवार पेठ ते एडिसन, सत्तावीस तास पंधरा मिनिटं. वहीत खाली रेघ मारून तिने लिहिलंय, “यातले विमानाने साडेसोळाच घेतले. उरलेले पावणेअकरा तास आपल्याच लोकांनी.”

बरं, माझा वेळ संपला, आयोजक घड्याळ दाखवतायत. पृथ्वीगोल आणि दोरा इथे टेबलावर ठेवतो. ज्यांची मुलं आणखी कुठे असतील त्यांनी पुढे या, मोजून देतो. सिडनीवाले आधी या. तुमचा दोरा चोवीस सेंटिमीटरचा आहे, न्यूयॉर्कवाल्यांपेक्षा छोटा. पटकन होईल.